जन्ममृत्यूचें प्रमाण आणि आपला सात-बारा

सोलापुराहून विजापूर रस्त्यानें दक्षिणेस निघून सीना ओलांडली म्हणजे मंद्रूपकडचा काळ्या जमिनीचा मुलूख लागतो. आणखी पुढें गेल्यास भीमा आडवी येते. या दोन नद्यांमधल्या कोणत्याही गांवीं पारावर बसलेल्या वृद्धास त्याच्या भावंडांची संख्या विचारावी. "आम्ही आठ, पैकीं पांच राहिलों," अशा तऱ्हेचें उत्तर बहुधा मिळतें. त्याच्या आजोबांच्या पिढीविषयीं विचारलें तर आठांतलीं दोन किंवा तीनच हातीं लागलीं असें निघतें. त्याच वृद्धाच्या नातवंडांकडे पाहावें, तर घरांत दोनच मुलें, क्वचित् एकच, आणि तीं धडधाकट. घरोघरच्या या साध्या हिशेबांत अर्थशास्त्राचा एक मोठा सिद्धान्त सांठवलेला आहे, आणि आपल्या जमिनीचे इतके तुकडे कां झाले या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भागही त्यांतच आहे. म्हणून तो सिद्धान्त शेतकरी बंधुभगिनींपुढें सोप्या शब्दांत मांडण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम दोन मापें समजून घेऊं. हजार वस्तीच्या गांवांत वर्षाकाठीं जितकीं मुलें जन्मतात त्या आंकड्यास जन्मप्रमाण म्हणतात, व हजारांतून जितकीं माणसें वर्षांत मरतात त्या आंकड्यास मृत्युप्रमाण म्हणतात. विहिरीला येणारा झरा म्हणजे जन्म आणि मोटेनें होणारा उपसा म्हणजे मृत्यु असें समजा. विहिरीचें पाणी एकट्या झऱ्यावर ठरत नाहीं. झरा व उपसा यांच्यांतील अंतरावर तें ठरतें. विहीर भरूं लागली म्हणजे झरा वाढलाच असावा असें मानणारा मनुष्य फसतो, कारण झरा तितकाच राहून उपसा कमी झाला तरी विहीर भरते. आपल्या देशाची विहीर भरली ती याच दुसऱ्या रीतीनें. लोकांना पूर्वीपेक्षां अधिक मुलें होऊं लागलीं म्हणून लोकसंख्या वाढली असा पुष्कळांचा समज आहे, तो बरोबर नाहीं. मुलें पूर्वींइतकींच होत होतीं. फरक पडला तो तीं जगूं लागलीं एवढाच.

१९११ ते १९२१ या दशकांत हिंदुस्थानांत जन्मप्रमाण दर हजारीं सुमारें ४८ होतें व मृत्युप्रमाण सुमारें ४७. हजार वस्तीच्या गांवांत वर्षास ४८ पाळणे हलावे व ४७ तिरड्या उठाव्या, असा हा जमाखर्च. शिल्लक काय ती एक. सरासरी आयुर्मान त्या दशकांत अवघें वीस वर्षांच्या आसपास होतें. याचा अर्थ सर्व माणसें विशींतच मरत असा नव्हे. पुष्कळ मुलें पांच वर्षांचीं होण्यापूर्वींच जात, म्हणून सरासरी एवढी खालीं येई. १९२१ ची शिरगणती झाली तेव्हां देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वींपेक्षां किंचित् कमीच भरली.

सोलापूर जिल्ह्यानें तर त्याआधींच कडक दिवस पाहिले होते. १८७६ सालीं पावसानें दगा दिला आणि १८७६-७८ चा दुष्काळ पडला. कांहीं माणसें उपासानें गेलीं, त्याहून अधिक पटकी व तापानें गेलीं, आणि कित्येक परागंदा झालीं. १८८१ च्या शिरगणतींत जिल्ह्याची लोकसंख्या ५,८२,४८७ भरली. १८७२ च्या मानानें ती उघड उघड घटलेली होती. पुढील दहा वर्षांत सुगी बरी आली व गांवें पुन्हां भरलीं. तोंच १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले, आणि १८९६ सालीं मुंबईंत शिरलेला प्लेगही जिल्ह्याजिल्ह्यांतून पसरला. १९०१ सालीं जिल्ह्याची लोकसंख्या ७,२०,९७७ झाली. ती १८९१ पेक्षां कमी होती. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानें मुंबई इलाख्यांत दहा लक्षांहून अधिक माणसें नेलीं. सारांश, वीस वर्षांची जमा एखाद्या वर्षांत खर्ची पडे. याला शास्त्रज्ञ पहिली अवस्था म्हणतात: जन्म पुष्कळ, मृत्युही पुष्कळ, आणि वाढ जवळजवळ नाहीं.

अशा काळीं आपल्या पूर्वजांना सहा-आठ मुलें होत, यावरून त्यांस अविचारी ठरविणें हा अन्याय होईल. टोकण करतांना शहाणा शेतकरी एका आळ्यांत तीन दाणे टाकतो. एक किडीला, एक पांखराला आणि एक आपल्याला. म्हातारपणीं नांगर धरणारा एक तरी मुलगा हातीं राहावा म्हणून सहा मुलें होऊं देणें हा त्याच जातीचा हिशेब होता. तो त्या परिस्थितींत चुकीचा नव्हता. परिस्थिति बदलल्यावरही तोच हिशेब एक पिढीभर चालू राहिला, येथें खरी अडचण उत्पन्न झाली.

परिस्थिति बदलली ती १९२१ नंतर. आगगाडी सोलापुरास १८६० सालींच आली होती, व १८८० नंतर दुष्काळ-निवारणाचे नियमही झाले होते. त्यांमुळें एका प्रांतांत पीक बुडालें तरी दुसऱ्या प्रांतांतून धान्य आणणें हळूहळू साधूं लागलें. देवीची लस गांवोगांव पोंचली. पिण्याच्या पाण्यांत औषध टाकल्यानें पटकीची सांथ आटोक्यांत येते हें लोकांस पटलें. स्वातंत्र्यानंतर पेनिसिलिनसारखीं औषधें आलीं, १९५३ पासून हिंवतापाविरुद्ध डीडीटीची फवारणी देशभर सुरू झाली, आणि देवीचा रोग तर १९७५ नंतर भारतांतून समूळ नाहींसा झाला. १९५१ ते १९६१ या दशकांत मृत्युप्रमाण हजारीं सुमारें २३ वर आलें. पण जन्मप्रमाण सुमारें ४२ च राहिलें. शिल्लक एकाची एकोणीस झाली. या गतीनें वस्ती सदतीस वर्षांच्या आंत-बाहेर दुप्पट होते. ही दुसरी अवस्था होय.

उपसा किती कमी झाला होता याची साक्ष आपल्याच भागानें १९७२ सालीं दिली. पावसानें लागोपाठ ओढ दिली, विहिरी आटल्या, गुरें छावणींत अथवा बाजारांत गेलीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांत सुमारें पन्नास लक्ष माणसें सरकारी कामांवर खडी फोडीत व पाझर तलावांची माती वाहत होतीं. मिलोच्या भाकरीवर आणि सुकडीवर दिवस काढलेलीं माणसें आजही आपल्या घरांत आहेत. हाल पुष्कळ झाले. तथापि गांवेंच्या गांवें ओस पडून माणसें वाटेवर मरून पडण्याचा जो प्रकार १८७७ सालीं घडला, तो १९७३ सालीं घडला नाहीं. त्याच अनुभवांतून रोजगार हमी योजना उभी राहिली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. शंभर वर्षांपूर्वीं पाऊस गेला म्हणजे माणूस जाई. आतां पाऊस गेला तरी माणूस राहतो. ही थोडकी कमाई नव्हे.

येथें एक शंका येईल. मृत्यु कमी झाल्याबरोबर जन्मही लगेच कमी कां झाले नाहींत? उत्तर असें कीं, मृत्यु हटविणारीं साधनें बहुधा बाहेरून येतात आणि त्यांस घरच्या माणसांचा होकार क्षणभरच पुरतो. लस टोंचून घेण्यास एक सकाळ लागते. परंतु झालेलीं दोन्ही मुलें जगतील हा भरंवसा सासूच्या, सुनेच्या व मुलाच्या मनांत बसण्यास एक अख्खी पिढी जावी लागते. शेजारच्या दहा घरांतील मुलें जगलेलीं पाहिल्याविना तो भरंवसा येत नाहीं. म्हणून मरण आधीं मागें हटतें आणि जन्म मागाहून कमी होतात. या दोहोंच्या मधल्या काळांत जी वाढ होते, तिचा भार शेवटीं जमिनीवर पडतो.

तो भार कसा पडतो तें एका कल्पित घराण्यावरून पाहूं. समजा, पणजोबांपाशीं ४८ एकर जमीन होती. त्यांना सहा मुलें झालीं; एक मुलगा व एक मुलगी जगली, आणि ४८ एकर अखंड आजोबांकडे आले. आजोबांनाही सहाच मुलें झालीं. पण त्यांतलीं चार जगलीं, त्यांत दोन मुलगे, म्हणून वांटा २४ एकरांचा झाला. वडिलांनाही सहा मुलें. तीं सर्वच जगलीं, त्यांत तीन मुलगे, आणि वांटा ८ एकरांवर आला. तिन्ही पिढ्यांत जन्म सारखेच आहेत. मृत्यु कमी होत गेले आणि सहापट तुकडे पडले. यांत कोणाचा आळस नाहीं, भाऊबंदकी नाहीं, दैवाचा कोपही नाहीं.

हा नुसता कागदी हिशेब नव्हे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवची पाहणी करून १९१७ सालीं ती प्रसिद्ध केली. त्या गांवीं १७७१ सालीं सरासरी खातें ४० एकरांचें होतें, तें १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आलेलें त्यांस आढळलें. म्हणजे मृत्यु खऱ्या अर्थानें हटण्यापूर्वींच, वांटणीच्या रिवाजामुळें व दुसरा धंदा नसल्यामुळें, तुकडे पडूं लागले होते. पुढें लोकसंख्येच्या वाढीनें त्या क्रियेस जोर दिला. सर्व दोष लोकसंख्येच्या माथीं मारणें बरोबर नाहीं, हें यावरून दिसेल. सबंध महाराष्ट्रांत सरासरी खातें १९७०-७१ सालीं ४.२८ हेक्टर होतें. २०१५-१६ सालीं तें १.३४ हेक्टर राहिलें. १९४७ सालीं मुंबई सरकारनें तुकडेबंदीचा कायदा केला, पण ज्या घरीं चार मुलगे व एकच शेत आहे तेथें नुसता कायदा काय करणार?

युरोपांतील देशही याच वाटेनें गेले आहेत. स्वीडन देशांत १७४९ पासून जन्ममृत्यूची व्यवस्थित नोंद आहे, म्हणून तेथील क्रम स्पष्ट दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथें मृत्यु कमी होत गेले. जन्म मात्र त्या शतकाच्या अखेरच्या पावशतकांत कमी होऊं लागले. मधल्या काळांत तेथील शेतकऱ्यांच्याही जमिनी अपुऱ्या पडल्या, आणि बारा लक्षांहून अधिक स्वीडिश लोक बोटींत बसून अमेरिकेंत गेले. देशोदेशींचे असे आंकडे ताडून पाहून वॉरन थॉम्प्सन या अमेरिकन पंडितानें १९२९ सालीं हा सिद्धान्त प्रथम मांडला. आपल्या धाकट्या भावांना अशी मोकळी अमेरिका नव्हती. त्यांची अमेरिका म्हणजे सोलापूरच्या गिरण्या, मुंबई आणि पुणें. सोलापूरची पहिली गिरणी, जिला पुढें सर्व जण जुनी गिरणी म्हणूं लागले, ती १८७७ सालीं ऐन दुष्काळांत निघाली, हा योगायोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. शिवाय युरोपांत मृत्यु शंभर-दीडशें वर्षांत हळूहळू हटला. आपल्याकडे तो पन्नास वर्षांत हटला. म्हणून आपल्या विहिरीस भरती अधिक वेगानें आली.

आतां तिसरी अवस्था, म्हणजे जन्म कमी होण्याची. संततिनियमनाचा विचार महाराष्ट्रास नवा नव्हता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत त्याचें केंद्र काढलें व १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें. त्यांना निंदा व खटलेच अधिक लाभले. १९५२ सालीं सरकारनें कुटुंबनियोजन हातीं घेतलें. १९७६ सालीं तर महाराष्ट्र विधिमंडळानें सक्तीच्या शस्त्रक्रियेचें विधेयकही मंजूर केलें. त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली नाहीं, आणि आणीबाणींतील सक्तीमुळें पुढें कित्येक वर्षें लोक या विषयाच्या नांवानेंच बिचकूं लागले. सक्तीनें जें साधलें नाहीं तें पुढें निमूटपणें घडून आलें. तें कसें, हें जामखेडच्या उदाहरणावरून कळतें.

जामखेड तालुका आपल्या करमाळ्याला लागून आहे. पाऊस तितकाच लहरी, ज्वारीही तीच. तेथें १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें खेड्यांतील आरोग्याचें काम आरंभिलें. त्यांनीं गांवच्याच बायकांना, त्यांतल्या पुष्कळशा निरक्षर, बाळंतपणाची स्वच्छता, जुलाबावर मीठ-साखरेचें पाणी, मुलांचा आहार व लस या गोष्टी शिकविल्या. आरंभीं त्या गांवांतून जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं १७६ मुलें वर्षाच्या आंत दगावत. सुमारें पांच वर्षांत हा आंकडा ५२ वर आला. त्यामागून जन्मप्रमाणही उतरलें, आणि पंधरा वर्षांत तें ४० वरून ३० च्या खालीं गेलें. बियाणें खात्रीचें आहे असें कळल्यावर शेतकरी एकरीं बियाण्याचें प्रमाण आपणच कमी करतो. त्यास हुकूम सोडावा लागत नाहीं. मुलांच्या बाबतींतही हेंच घडलें.

अर्थात् एवढें एकच कारण नव्हे. पूर्वीं सात वर्षांचा मुलगा गुरें वळी व त्याची भाकर तो कमावी. आतां त्याला विशींपर्यंत शाळा-कॉलेजांत पोसावें लागतें. मुलगी शाळेंत राहिली म्हणजे तिचें लग्न लांबतें, आणि शिकलेली आई मूल केव्हां व्हावें हें स्वतः ठरवूं लागते. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या लग्नाचें किमान वय १४ ठरविलें होतें. १९७८ सालीं तें १८ झालें. यावरून आर्थिक उन्नति म्हणजे केवळ पैसा नव्हे हेंही ध्यानांत यावें. केरळांत मोठे कारखाने फारसे नसतांही तेथील जन्म महाराष्ट्राच्या कितीतरी आधीं कमी झाले, कारण तेथें मुलींची शाळा व गांवचा दवाखाना आधीं पोंचले होते.

परिणाम असा झाला कीं, १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील एका स्त्रीस सरासरी २.९ मुलें होत होतीं, तीं २०१९-२१ च्या पाहणींत १.७ आढळलीं. आईबापांची जागा भरून निघण्यास हा आंकडा सुमारें २.१ असावा लागतो. राज्याचें जन्मप्रमाण २०२० सालीं हजारीं १५ व मृत्युप्रमाण ५.५ होतें. तरुण जोडपीं अजून पुष्कळ असल्यामुळें कांहीं काळ वाढ होत राहील. परंतु झरा आटूं लागला आहे यांत संशय नाहीं. जपानांत तर गेलीं कित्येक वर्षें जन्मांहून मृत्युच अधिक होत आहेत, आणि खेड्यांतील घरें कुलूपबंद पडत आहेत.

तेव्हां आतां शेतकऱ्यापुढें जो प्रश्न येणार आहे तो आजोबांच्या प्रश्नाहून वेगळा आहे, आणि जुन्या हिशेबानें तो सुटणार नाहीं.

पहिली गोष्ट मुलींची. मुलें दोनच हवींत, पण त्यांत मुलगा हवाच, या हट्टापायीं अनेक घरांनीं मुलगी जन्मूंच दिली नाहीं. महाराष्ट्रानें गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध कायदा १९८८ सालीं, देशांत सर्वांआधीं केला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें मुली १९९१ सालीं ९४६ होत्या त्या २०११ सालीं ८९४ झाल्या. याचें फळ सोलापूरनें डोळ्यांनीं पाहिलें. डिसेंबर २०२२ मध्यें लग्नाळू तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीवर गेले आणि आम्हांस नवरी मिळत नाहीं अशी त्यांनीं दाद मागितली. कित्येकांनीं तो तमाशा म्हणून हंसण्यावारी नेला. वस्तुतः त्या घोड्यावर आपल्याच पिढीची चूक बसली होती.

दुसरी गोष्ट म्हातारपणाची. सहा मुलांतला एक तरी जवळ राहत असे. दोन मुलांतलीं दोन्हीं पुण्यास जाऊं शकतात. २०११ सालींच राज्यांत शेंकडा दहा माणसें साठीच्या पुढचीं होतीं. पुढें तीं अधिकच होणार. म्हणून हातपाय चालत आहेत तोंवरच म्हातारपणाची रक्कम वेगळी काढावी, आणि सगळी मदार एका मुलावर ठेवूं नये.

तिसरी गोष्ट जमिनीची. हिशेबाच्या दृष्टीनें एक दिलासा असा कीं, यापुढें तुकडे पडण्याचा वेग मंदावेल. वर सांगितलेल्या घराण्यांतील ८ एकरवाल्या भावास आज एक मुलगा व एक मुलगी आहे असें धरा. १९९४ च्या राज्याच्या व २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित जमिनींत मुलीचाही मुलाइतकाच वांटा आहे. मग ४ एकरांचे दोन वांटे होतील. परंतु त्यापुढें दोहोंपैकीं एकच शेतीवर राहण्याचा संभव अधिक. भावाबहिणींनीं आतांपासूनच, मनें स्वच्छ असतांना, जमीन एकत्र कसून उत्पन्न वांटून घेण्याचा लेखी करार केला, तर तीन पिढ्यांत तुटलेलें शेत पुन्हां सांधण्यास आरंभ होईल. ज्यांना बहिणीकडून हक्कसोड लिहून घेण्याची घाई असते, त्यांनीं थोडा दूरचा विचार करावा. कमी होत जाणाऱ्या माणसांच्या काळांत नातें तोडून मिळविलेले चार एकर कसणार कोण?

वाचकांस शेवटीं एक विनंति आहे. एखाद्या निवांत सायंकाळीं घरांतील वडील माणसांस बोलावून आपली वंशावळ कागदावर मांडावी. जगलेल्यांचींच नांवें न लिहितां लहानपणीं गेलेल्या मुलामुलींसही त्यांत एकेक रेघ द्यावी, आणि शेजारीं प्रत्येक पिढीच्या सात-बाऱ्याचे एकर लिहावे. ज्या घरीं त्या रेघा पिढीगणिक कमी झालेल्या दिसतील, त्या घरानें प्रथम देवाचे आभार मानावे. एकर घटले म्हणून हळहळण्याचें काम त्यानंतरचें. आणि कागद मिटण्यापूर्वीं खालीं जी कोरी जागा उरेल, तिच्यांत मुलाबरोबर मुलीचेंही नांव लिहिण्यास विसरूं नये.